नायट्रो गाडी बेलगाम सुटू नये म्हणून: फेलसेफ संपतो तिथून पुढचं

फोंड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्याकडे १/८ स्केलची रिमोटवर चालणारी नायट्रो बग्गी (मिथेनॉलच्या इंधनावर चालणारी मॉडेल गाडी) आहे. रेडिओ २.४ गिगाहर्ट्‌झचा, रिसीव्हरमध्ये फेलसेफ लावलेला. रिमोट बंद केला की ब्रेक लागतो, हे मी दरवेळी तपासतो. तरीही रविवारी गावच्या मैदानावर गाडी फुल थ्रॉटलवर सुटली आणि कंपाउंडच्या चिऱ्यांवर जाऊन आदळली. उघडून पाहिली तर बॅटरी बॉक्समधला एक सेल जागेवरून हलला होता. फेलसेफने काम का केलं नाही? पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?"

फेलसेफने काम केलं नाही, कारण काम करायला त्याच्याकडे वीजच उरली नव्हती. रिसीव्हरमधला फेलसेफ एकाच प्रसंगासाठी असतो: रिमोटचा सिग्नल तुटला, पण गाडीतली बॅटरी शाबूत आहे. तेव्हा रिसीव्हर सर्व्होला (थ्रॉटल-ब्रेक किंवा स्टिअरिंग हलवणाऱ्या छोट्या मोटरला) सांगतो, ठरवलेल्या जागी जा. तुमच्या गाडीत सिग्नल ठणठणीत होता. सेल हलला, रिसीव्हर मेला, आणि थ्रॉटलचा सर्व्हो त्या क्षणी जिथे होता तिथेच राहिला. तो फुल थ्रॉटलवर होता, म्हणून कार्ब (इंजिनात हवा आणि इंधन सोडणारा कार्बुरेटर) उघडा राहिला. रिमोट बंद करून घेतलेली चाचणी हा बिघाड कधीच पकडू शकत नाही, कारण त्या चाचणीत बॅटरी चालूच असते.

इलेक्ट्रिक गाडीची वीज गेली की ती थांबते. नायट्रोचं तसं नाही. ग्लो प्लग पेटवायला इग्नायटर फक्त सुरुवातीला लागतो. एकदा इंजिन चाललं की प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या संपर्कात आणि दर स्फोटाच्या उष्णतेवर आपोआप तापलेली राहते. पेट्रोलच्या मोठ्या १/५ गाड्यांना किल स्विच लावता येतो, तो स्पार्क तोडतो. इथे तोडायला स्पार्कच नाही. इंधन आणि हवा मिळतेय तोवर इंजिन चालणार, आणि १२५ मिलिलिटरची टाकी भरलेली असेल तर ते काही मिनिटं असतं. सव्वातीन-साडेतीन किलोची गाडी ताशी ७० किलोमीटरने सेकंदाला १९ मीटर जाते. पाच सेकंदांत मैदान संपतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नायट्रो गाडीत शेवटचा अधिकार वीज न लागणाऱ्या वस्तूकडे असला पाहिजे. ती वस्तू म्हणजे कार्बला लावलेली रिटर्न स्प्रिंग. फेलसेफ, चांगली बॅटरी, टेलिमेट्री (गाडीतलं व्होल्टेज रिमोटवर दाखवणारी सोय) हे सगळं हवंच, पण ते स्प्रिंगच्या आधीचं. ज्या गाडीत स्प्रिंग नाही, ती गाडी माणसं असलेल्या मैदानावर उतरवू नये.

स्प्रिंग कुठे आणि किती ताकदीची

बरेच जण स्प्रिंग सर्व्होच्या हॉर्नला (शाफ्टवर बसणाऱ्या छोट्या आर्मला) अडकवतात, कारण तिथे भोकं तयार असतात. ही जागा चुकीची आहे. लिंकेजचा (हॉर्न आणि कार्ब जोडणाऱ्या रॉडचा) बॉल कप निसटला तर स्प्रिंग हॉर्नला ओढत बसते आणि कार्ब उघडाच राहतो. स्प्रिंगचं एक टोक कार्बच्या स्लाइडच्या (सरकून हवेची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या दांड्याच्या) बॉललाच अडकवा (रोटरी कार्ब असेल तर त्याच्या आर्मला) आणि दुसरं टोक इंजिन माउंटच्या किंवा रेडिओ ट्रेच्या एखाद्या स्क्रूला. मग बॅटरी मेली काय, लिंकेज तुटलं काय, ओढ कार्बवरच राहते. स्लाइड कोणत्या दिशेला बंद होते हे आधी एअर फिल्टर काढून डोळ्यांनी पाहा. सगळ्या कार्बची दिशा सारखी नसते.

ओढ स्लाइडच्या अक्षाच्या सरळ रेषेत हवी. तिरकी ओढली तर स्लाइड एका बाजूने घासते, काही महिन्यांत तिथे झीज होते आणि जी स्प्रिंग गाडी वाचवायला लावली तीच स्लाइड अडकवते. सायलेन्सर पाइप आणि मॅनिफोल्डपासून स्प्रिंग दूर ठेवा. रबर बँड एखाद्या दुपारपुरता चालेल, पण इंधन आणि उष्णता त्याला फार टिकू देत नाहीत. तो सुटलेला आपल्याला कळतही नाही.

ताकदीचा हिशेब अंदाजाने करू नका. बॅटरी काढा, सर्व्हो फुल थ्रॉटलच्या जागी हाताने न्या. कार्बचा रॉड हॉर्नच्या ज्या भोकात बसतो तिथे मासे किंवा सामान तोलायचा छोटा हुकवाला काटा अडकवून हळूहळू ओढा. सर्व्हो मागे फिरायला लागतो तेव्हा जो आकडा दिसेल, तो त्या सर्व्होच्या गिअरचा अडथळा. समजा ३०० ग्रॅम आला. स्प्रिंगची ओढ त्याच्या दीडपट, म्हणजे साडेचारशे ग्रॅम हवी, आणि तीही स्लाइड जवळजवळ बंद असताना. तिथे स्प्रिंग सर्वांत कमी ताणलेली असते, म्हणून मोजायचं तिथेच. फुल थ्रॉटलला जोरात ओढणारी पण आयडलजवळ (ट्रिगर सोडल्यावर इंजिन मंद चालतं त्या जागेजवळ) ढिली पडणारी स्प्रिंग कार्ब अर्ध्यावर सोडते.

"एवढी ओढ लावली तर सर्व्होवर ताण येणार नाही का?" दहा किलोचा सर्व्हो (म्हणजे एक सेंटिमीटरच्या हॉर्नवर दहा किलो ओढणारा) दीड सेंटिमीटरच्या हॉर्नवर साडेसहा किलोच्या वर ओढतो. त्यातले साडेचारशे ग्रॅम म्हणजे सातेक टक्के. आयडलवर असताना स्प्रिंगचा भार आयडल स्क्रू घेतो, सर्व्हो नाही. त्यामुळे बॅटरीही फुकट जात नाही.

अडचण उलटीच येते. हल्ली स्टिअरिंगसाठी घेतलेला २५-३० किलोचा सर्व्हो थ्रॉटललाही लावतात. त्यातल्या काहींची गिअर ट्रेन वीज नसताना इतकी जड फिरते की कुठलीही वाजवी स्प्रिंग तिला हलवू शकत नाही. थ्रॉटल-ब्रेकला आठ ते दहा किलोचा, वीज नसताना हाताने सहज फिरणारा सर्व्हो घ्या. दुकानात घेतानाच हॉर्न लावून फिरवून पाहा. हा गुण पाकिटावर छापलेला नसतो.

एक मर्यादा लक्षात ठेवा. स्प्रिंग कार्ब बंद करते, ब्रेक लावत नाही. क्लच सुटतो आणि गाडी घरंगळत जाऊन थांबते. मातीवर ती लवकर थांबते, डांबरावर नाही. इंजिन आयडलवर चालूच राहतं. मॉडेल विमानात रिमोटवरची थ्रॉटलची ट्रिम (बारीक फेरबदलाचं बटण) खाली केली की कार्ब पूर्ण बंद होऊन इंजिन मरतं, पण गाडीत तसं ठेवलं तर प्रत्येक ब्रेकला इंजिन मरेल, म्हणून आयडल स्क्रूचा अडथळा ठेवावाच लागतो. आयडलची फट साधारण ०.५ ते ०.७ मिमी ठेवा. ०.७ मिमीच्या ड्रिल बिटचा दांडा फटीत जेमतेम सरकला की झालं. आयडल रिमोटच्या ट्रिमने वाढवायची सवय मोडा. ती स्क्रूनेच लावायची.

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा बॅटरी बॉक्स

तुमच्या गाडीतला सेल हलला, पण तो बॉक्स तसाही धोक्याचाच होता. चार सुटे एए सेल, प्रत्येकाच्या मागे पातळ तारेची शंकूच्या आकाराची स्प्रिंग. गाडी उडी मारून आपटते तेव्हा सेल त्या स्प्रिंगवर मागे दबतो आणि पुढच्या पत्र्यापासून क्षणभर सुटतो. हा क्षण डोळ्यांना दिसत नाही, रिसीव्हरला मात्र पुरतो. रिसीव्हर रीसेट होऊन पुन्हा रिमोटशी जुळेपर्यंत एखादा सेकंद जरी गेला तरी गाडी तेवढ्यात १९ मीटर पुढे गेलेली असते. आपल्या हवेत भर पडते ती खारट दमटपणाची. कळंगुट किंवा कोलव्याच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गाड्यांत ते पत्रे एका पावसाळ्यात हिरवे पडतात.

शिवाय साध्या अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध जास्त. ताज्या सेलचा ०.१५ ओहम धरला तरी चारांचा ०.६ होतो. मोठा स्टिअरिंग सर्व्हो झटक्यात तीन अँपिअर ओढतो, तेव्हा १.८ व्होल्ट तिथेच गळतात आणि सहाचे ४.२ उरतात. सेल अर्धे वापरलेले असतील तर त्याहून खाली. पाच सेलच्या चांगल्या निमेट (निकेल-मेटल हायड्राइड, रिचार्ज होणाऱ्या) पॅकचा एकूण रोध ०.१५ च्या आसपास असतो, त्यात तीन अँपिअरला अर्धा व्होल्टही पडत नाही. म्हणजे थ्रॉटल सुटतो तो अनेकदा स्टिअरिंगच्या सर्व्होमुळे. वळणावर चाकं जोरात वळवली आणि त्याच क्षणी गाडी सुटली, असं कोणी सांगितलं तर रेडिओवर संशय घेण्याआधी व्होल्टेज मोजा.

मोजायचं असं: गाडी जमिनीवर, इंजिन बंद. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला मल्टिमीटर जोडा. चाकं मातीवर टेकलेली असताना स्टिअरिंग डावी-उजवी जोरात हलवा आणि सोबत ब्रेक दाबा. मीटर फार झटक्याचा खड्डा दाखवत नाही, तरी पाच सेलच्या निमेटवर आकडा ५ च्या खाली दिसला तर पॅक बदलायची वेळ झाली.

आता बॉक्स काढून काय लावायचं? सोल्डर केलेला पाच सेलचा निमेट हंप पॅक, ६ व्होल्ट, १६०० एमएएचच्या पुढचा, हा सर्वांत सरळ पर्याय. दोन सेलचा लायफे (लिथियम-आयर्न फॉस्फेट) पॅक ६.६ व्होल्टचा असतो आणि बहुतेक सर्व्हो तो थेट घेतात, पण सर्व्होची मर्यादा आधी वाचा. त्याचा दोष असा की व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. इशारा जवळजवळ मिळत नाही. दोन सेलचा लिपो (लिथियम-पॉलिमर) पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट देतो. त्याला हाय व्होल्टेज सर्व्हो तरी हवेत किंवा मध्ये व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर. रेग्युलेटर घातला की बिघडायला आणखी एक जागा तयार होते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी निमेटच सुचवतो.

किती वेळ चालवायची हे पॅकवरच्या आकड्यावरून ठरवू नका. पूर्ण चार्ज करा, २० मिनिटं नेहमीसारखी चालवा, परत चार्ज करा आणि चार्जरने किती एमएएच भरले ते बघा. ४०० भरले तर तासाला १२०० लागतात. १६०० च्या पॅकमधून हजार-अकराशेच्या पुढे काढायचे नाहीत, म्हणजे ५० मिनिटांनी पॅक बदलायचा.

रिसीव्हरला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की प्रश्न मिटतो, असं सांगणारे भेटतात. हिशेब करून बघा. ६ पासून ४ व्होल्टपर्यंत उतरताना त्यातून ०.०५ ज्यूलही मिळत नाहीत. एक अँपिअरच्या भाराला ते नऊ-दहा मिलिसेकंद पुरतात. क्षणिक खड्डा बुजवायला तो चांगला आहे, जरूर लावा (ध्रुव उलटे लावू नका, फुटतो), पण सेल निघाला तर तो काहीच करू शकत नाही.

स्विच हा दुसरा कमकुवत दुवा. गाडीसोबत येणारा छोटा सरकता स्विच धूळ आणि तेल पिऊन सैल होतो. बदलायचा नसेल तर निदान तो असा बसवा की 'चालू'ची बाजू गाडीच्या तोंडाकडे असेल. समोरून धडक बसली की स्विचचं बटण पुढेच झेपावतं, म्हणजे तो चालूच राहतो. उलटा बसवला असेल तर प्रत्येक धडक त्याला बंद करायला बघते. बॅटरीचा प्लग रिसीव्हरमधून ओढला जाऊ नये म्हणून वायरला थोडा ढिलेपणा द्या आणि ती जवळच्या खांबाला केबल टायने बांधा. रिसीव्हर फोममध्ये गुंडाळा.

फेलसेफ नीट लावणं

तीन चुका वारंवार दिसतात. पहिली: रिसीव्हर 'होल्ड'वर राहतो. या सेटिंगमध्ये सिग्नल गेला की शेवटची स्थिती तशीच धरून ठेवली जाते, म्हणजे फुल थ्रॉटल असेल तर फुल थ्रॉटल. काही रिसीव्हर विकत घेतल्यापासून असेच असतात. दुसरी: फेलसेफ लावल्यानंतर सर्व्हो रिव्हर्स केला जातो. रिसीव्हर सर्व्होची जागा लक्षात ठेवतो, 'ब्रेक' ही कल्पना नाही. दिशा उलटली की जी जागा ब्रेक होती ती थ्रॉटल होते. सर्व्हो बदलला, दिशा बदलली, एंड पॉइंट (सर्व्हो किती फिरावा याची हद्द) हलवले, रिसीव्हर पुन्हा बाइंड केला (रिमोटशी जोडला), यातलं काहीही झालं तरी फेलसेफ नव्याने लावायचा. तिसरी: रिमोटवर दुसऱ्या गाडीची मेमरी निवडलेली राहते. थ्रॉटलची दिशा उलटी असलेली मेमरी आणि चालू इंजिन यांची गाठ पडली की पुढचं सांगायला नको. इंजिन सुरू करण्याआधी रिमोटच्या पडद्यावरचं गाडीचं नाव वाचा आणि ट्रिगर दाबून कार्ब हलताना बघा.

फेलसेफची जागा पूर्ण ब्रेकवर ठेवू नका. भरधाव गाडीची चाकं एकदम जाम झाली तर ती फिरते किंवा उलटते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॅटरी उतरली म्हणून फेलसेफ लागला असेल आणि सर्व्हो पूर्ण ब्रेकवर रेटून राहिला, तर तो आणखी करंट ओढतो, व्होल्टेज आणखी पडतं आणि रिसीव्हर पुरताच झोपतो. ४० ते ५० टक्के ब्रेक पुरतो.

रिसीव्हरमध्ये कमी व्होल्टेजचा फेलसेफ असेल तर तो चालू करा. नसेल तर रिसीव्हर आणि थ्रॉटल सर्व्होच्या मध्ये बसणारं छोटं मॉड्यूल मिळतं, ते व्होल्टेज पडायला लागलं की कार्ब आधीच बंद करतं. जुन्या २७ किंवा ४० मेगाहर्ट्‌झच्या एएम सेटमध्ये फेलसेफ सहसा नसतो, तिथे हे मॉड्यूल लावल्याशिवाय चालवू नये. टेलिमेट्री असलेल्या रिमोटवर अलार्म निमेटसाठी ५ आणि लायफेसाठी ६ व्होल्टला लावा. दोन सेलच्या लिपोला ७.२, आणि रेग्युलेटर असेल तर व्होल्टेज त्याच्या आधी मोजलं जातंय ना, ते पाहा.

अँटेनाबद्दल थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या रिसीव्हरची काम करणारी तार म्हणजे टोकाचा साधारण ३१ मिमीचा, वरचं आवरण काढलेला भाग. तो नळीतून उभा वर यायला हवा. चासीला चिकटवलेला, दुमडलेला किंवा टाकीमागे लपवलेला नको.

लिंकेज आणि कार्ब

सर्व्हो हॉर्नच्या आतले दाते कंपनीनुसार वेगळे असतात: फुटाबाला २५, हायटेकला २४, सानवा आणि केओला २३. २५ दात्यांचा हॉर्न २४ च्या शाफ्टवर बसल्यासारखा वाटतो, आणि जोर आला की फिरतो. हॉर्नचा मधला स्क्रू दर आठवड्याला पाहा. शाफ्ट धातूचा असेल तरच थ्रेड लॉक लावा, प्लास्टिकला ते ठिसूळ करतं.

रॉडवरच्या कॉलरचे ग्रब स्क्रू कंपनाने सुटतात. कॉलर जिथे बसते तिथे रॉडला कानशीने छोटा सपाट भाग करा, म्हणजे स्क्रूला टेकायला जागा मिळते. ब्रेकच्या रॉडवरची कॉलर सरकली तर ब्रेक जातो. कार्बच्या रॉडवरची सरकली तर हॉर्न कार्बला बंद करायला ढकलूच शकत नाही. तिथेही कार्बवरची स्प्रिंगच काम करते.

पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) चालवलीत तरी जांभ्याची लाल धूळ येणारच. ही धूळ फार बारीक असते. स्लाइडवरचा रबरी बूट फाटला की ती आत जाते, तेलात मिसळून लापशी होते आणि स्लाइड अर्ध्यावर अडकते. बूट बोटाने ताणून घडीच्या आत बघा, फाटतो तो घडीच्या तळाशीच. किनाऱ्यावरची वाळू त्याहून वाईट. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे तर कासवं अंडी घालतात, तिथे गाडी न्यायचीच नाही.

पावसाळाभर बंद राहिलेली गाडी दसऱ्या-दिवाळीला बाहेर काढताना विशेष जपा. इंधनातलं एरंडेल सुकून स्लाइडवर चिकट थर बसलेला असतो. हाताने हलवली तर 'थोडी जड' वाटते, आणि त्याकडे दुर्लक्ष केलं जातं. कार्ब काढा, स्लाइड बाहेर घ्या, डिनेचर्ड स्पिरिटने पुसा, इंजिन ऑइलचा एक थेंब लावून परत बसवा. रॉड काढून स्लाइड बोटाने उघडून सोडली की ती नुसत्या स्प्रिंगवर टक् करून बंद झाली पाहिजे. हळूहळू सरकत बंद होणं पुरेसं नाही.

कार्ब पूर्ण बंद असूनही इंजिन ओरडत राहतं, तेव्हा हवा दुसरीकडून शिरते आहे. कार्बच्या बुडाची ओ-रिंग, मागच्या झाकणाचं गॅस्केट, पुढचं बेअरिंग ही नेहमीची ठिकाणं. इंजिन काढा, एक्झॉस्ट आणि हवेचं तोंड बंद करा, इंधनाच्या निपलमधून सिलिकॉन नळीने फुंका आणि इंजिन पाण्यात धरा. बुडबुडे येतात तिथे गळती. पुढच्या बेअरिंगमधून एखाद-दुसरा बुडबुडा चालतो. पाण्यात घातलेलं इंजिन लगेच सुकवून आत तेल सोडा. आणि आयडलवरच गाडी पुढे सरकत असेल तर क्लचची स्प्रिंग तुटली आहे किंवा क्लच बेलचं बेअरिंग जाम झालं आहे. ती गाडी ब्रेकवर धरून चालवत राहू नका.

मैदानावर उतरण्याआधी

गाडी स्टँडवर, चाकं हवेत, इंजिन बंद. रिमोट आधी चालू, मग गाडी. ट्रिगर पूर्ण दाबून धरा आणि रिमोट बंद करा: कार्ब बंद होऊन ब्रेक लागला पाहिजे. रिमोट चालू करा, पुन्हा ट्रिगर पूर्ण दाबा आणि या वेळी गाडीतला बॅटरीचा प्लग उपटा: कार्ब आयडल स्क्रूपर्यंत बंद झाला पाहिजे. दुसरी चाचणी एक मिनिटाची आहे आणि ती रोज करायची. पहिली टाकी संपल्यावर इंजिन गरम असताना तीच पुन्हा करा, कारण थंडपणी सुटी असलेली स्लाइड गरम झाल्यावर कधीकधी पकडते. आठवड्यातून एकदा लिंकेजचा बॉल कप काढूनही पाहा.

सरळ पट्ट्याचं टोक रस्त्याकडे, मुलांच्या फुटबॉलकडे किंवा गुरं चरतात त्या बाजूला नको. कापणीनंतरचं शेत यासाठी चांगलं, बांधच गाडी अडवतात. मैदानात पंक्चरवाल्याकडचे जुने टायर किंवा मातीने भरलेली पोती लावा. बघे चालवणाऱ्याच्या मागे उभे राहतील. मार्च ते मे सड्यावरचं आणि काजूच्या बागांतलं गवत पार सुकलेलं असतं. तापलेला पाइप आणि सांडलेलं मिथेनॉल तिथे एकत्र आले तर आग लागते, आणि मिथेनॉलची ज्योत भर उन्हात दिसत नाही. जवळ पाण्याची भरलेली बादली ठेवा, मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाण्याने ते विझतं.

तरीही सुटलीच तर

आधी ओरडा, मग ब्रेक दाबा. ब्रेक लागत नसेल तर स्टिअरिंग चालतंय का बघा. थ्रॉटलचा सर्व्हो किंवा लिंकेज गेलं असेल तर स्टिअरिंग जिवंत असतं: गाडी घट्ट गोल फिरवा किंवा बांधावर, टायरांवर घाला. गाडी मोडली तर मोडू द्या. स्टिअरिंगही मेलं असेल तर रिमोट एकदा बंद करून बघा. कारण सिग्नलचा गोंधळ असेल तर फेलसेफ लागेल, बॅटरी गेली असेल तर काही होणार नाही. चालत्या गाडीमागे कोणी धावायचं नाही, पायाने अडवायचं नाही.

कुठेतरी अडकून इंजिन ओरडत पडली असेल तर मागून नव्हे, बाजूने जा. जाड ओलं फडकं किंवा चामडी हातमोजा घेऊन एअर फिल्टरचं किंवा सायलेन्सरचं तोंड दाबून बंद करा, इंजिन लगेच मरतं. इंधनाची नळी चिमटली तरी थांबतं, पण नळीतलं आणि कार्बमधलं उरलेलं संपेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात आणि मिश्रण पातळ होऊन इंजिन मरण्याआधी आणखी जोरात फिरतं. स्टार्टर बॉक्ससाठी चासीला खालून जी खाच असते तिच्यातून फ्लायव्हीलवर हातोडीचा लाकडी दांडा दाबूनही थांबवता येतं, मात्र चाकांपासून आणि गिअरपासून बोटं दूर ठेवा. हवेत फिरणारे टायर फुगून फाटू शकतात.

तुमची बग्गी चिऱ्यांवर आदळली आहे, तेव्हा नवा पॅक आणि स्प्रिंग लावून लगेच स्टार्ट करू नका. चाकं अडकून किंवा हवेत राहून इंजिन ओरडलं असेल तर कनेक्टिंग रॉड ताणलेला असू शकतो. मागचं झाकण काढा, पिस्टन वरच्या आणि खालच्या टोकाच्या मध्ये आणा, फ्लायव्हील घट्ट धरून रॉडचं खालचं टोक चिमट्याने वर-खाली हलवून बघा. ठळक खेळ जाणवला तर रॉड बदला. इंजिन माउंट हललं असेल तर क्लच बेल आणि स्पर गिअरमधली फट कागदाची पट्टी घालून पुन्हा लावा. सर्व्होचे गिअर उघडून एखादा दात तुटलाय का पाहा. पुढचे आर्म आणि त्यांच्या पिन सरळ आहेत का, तेही बघा. हे सगळं झाल्यावर, इंजिन बंद असतानाच, ट्रिगर पूर्ण दाबून प्लग उपटायची चाचणी सलग दहा वेळा घ्या. दहापैकी एकदा जरी कार्ब अर्ध्यावर राहिला, तर जास्त ताकदीची स्प्रिंग किंवा हलका फिरणारा सर्व्हो बसवून पुन्हा पहिल्यापासून दहा वेळा.